'ही शुक हिज हेड': इंग्रजी क्रियापदं मालक कसा ठरवतात

इंग्रजीतली दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. 'ही शुक हिज हेड.' 'ही शुक हिज हँड.' पहिले तीन शब्द तेच, फक्त शेवटचा वेगळा. पण पहिल्या वाक्यातलं डोकं त्याचं स्वतःचं आहे. त्याने मान हलवून नकार दिला. दुसऱ्या वाक्यातला हात मात्र बहुतेक वेळा समोरच्या माणसाचा असतो. त्याने त्याच्याशी हस्तांदोलन केलं. 'हिज' दोन्हीकडे अगदी तोच, आणि तरी मालक बदलला.

हा बदल 'हिज'मुळे झालेला नाही. एकट्या 'शेक'मुळेही नाही. क्रियापद आणि त्याच्यापुढचं नाम यांची जोडी जमली की ती जोडीच ठरवते की मधल्या 'माझा-तुझा-त्याचा'चा मालक कोण. इंग्रजी शिकताना आपण 'शेक म्हणजे हलवणे' आणि 'हिज म्हणजे त्याचा' असे सुटे शब्द पाठ करतो, आणि ही जोडी कुणी शिकवतच नाही. माझ्याकडे इंग्रजी शिकायला येणाऱ्यांच्या वह्यांत काळ चुकलेले फार थोडे सापडतात. 'आय लॉस्ट टेंपर', 'शी चेंज्ड माइंड', 'टेक टाइम, नो हरी' अशी वाक्यं मात्र भरपूर. तिन्हींत 'माय', 'हर', 'युअर' गळलंय. लिहिणाऱ्याचं व्याकरण कच्चं असतं म्हणून हे होत नाही. तो मराठी कानाने लिहीत असतो, आणि मराठी कानाला तिथे काही कमी आहे असं वाटतच नाही.

कारण मराठी अशा जागी गप्प राहते. हात धू. बूट काढ. डोळे मीट. तोंड उघड. कुणाचे हात, कुणाचे बूट हे आपण सांगत नाही, कारण दुसऱ्या कुणाचे असते तर तसं सांगितलं असतं. 'मी माझे हात धुतले' असं कुणी म्हणालंच तर ऐकणाऱ्याला वाटतं, आता पुढे 'तू तुझे धू' येणार. म्हणजे मराठीत षष्ठी, ती चा-ची-चे, अशा वेळी जोर देण्यासाठी किंवा फरक दाखवण्यासाठी येते. इंग्रजीत ती जोर देण्यासाठी येत नाही, ती तिथे असायचीच असते. 'वॉश युअर हँड्स'मधल्या 'युअर'वर कसलाही भर नाही. ते काढलं तर वाक्य सूचनाफलकावरचं वाटतं. त्याच्या जागी 'द' घातलं तर हात अंगापासून सुटे झाल्यासारखे वाटतात. व्यायाम शिकवणारे 'रेज द आर्म्स' म्हणतात तेव्हा तो अलिप्तपणा त्यांना हवाच असतो. घरात मुलाला असं कुणी म्हणत नाही.

ही सगळ्याच युरोपीय भाषांची रीत आहे असं मात्र नाही. फ्रेंच आणि जर्मन माणूस 'मी मला हात धुतो' अशा धर्तीवर बोलतो. मालक क्रियापदाजवळच्या 'मला'मध्ये येऊन जातो, हातामागे षष्ठी लागत नाही. इंग्रजीने तो रस्ता सोडला आणि सगळा भार 'माय-युअर-हिज'वर टाकला.

याची उलटी बाजू मला जास्त खुपते. इंग्रजीतून उतरवलेल्या मराठीत 'त्याने त्याचे डोळे उघडले, त्याचा चष्मा लावला आणि त्याचे डोके हलवले' अशी वाक्यं हल्ली सर्रास दिसतात. 'डोळे उघडून त्याने चष्मा लावला आणि मान हलवली' एवढं पुरतं. त्यात पहिल्या वाक्यातल्या 'त्याचा चष्मा'ने एक खरी अडचणही होते. मराठीत स्वतःच्या वस्तूसाठी 'आपला' हा वेगळा शब्द आहे. 'तो आपल्या घरी गेला' म्हटलं की शंका उरत नाही. 'तो त्याच्या घरी गेला' म्हटलं की नेमकं कुणाच्या, हा प्रश्न डोकं वर काढू शकतो. इंग्रजीच्या 'हिज'मध्ये 'आपल्या' आणि 'त्याच्या' दोन्ही कोंबलेले आहेत. म्हणून मालक ओळखायचं काम तिथे क्रियापदावर आणि संदर्भावर येऊन पडतं.

'पाय मुद्दाम मोडला का?'

आता मला या सगळ्या विषयात सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. 'ही ब्रोक हिज लेग.' मराठी माणसाने हे पहिल्यांदा वाचलं की त्याला हमखास खटकतं. स्वतःचा पाय कुणी कशाला मोडेल? शब्दशः बघितलं तर 'त्याने आपला पाय मोडला' असं होतं, आणि मराठीत ते ऐकून अंगावर काटा येईल. आपण म्हणतो, 'त्याचा पाय मोडला.'

दोन्ही भाषा एकच अपघात सांगताहेत, पण माणसाला बसवायची जागा वेगळी आहे. मराठीत मोडणारी गोष्ट, म्हणजे पाय, हाच कर्ता. माणूस षष्ठीचा प्रत्यय लावून पायाच्या मागे उभा. इंग्रजीत माणूस पुढे येऊन कर्त्याच्या जागी बसतो आणि पाय कर्म होतो. मग पाय कुणाचा हे परत सांगायला 'हिज' लागतं. म्हणजे इंग्रजी वाक्यात तोच माणूस दोनदा येतो, एकदा कर्ता म्हणून आणि एकदा मालक म्हणून.

हे एकदा लक्षात आलं की शेकडो वाक्यं आपोआप लागतात. माझं पाकीट हरवलं: 'आय लॉस्ट माय वॉलेट'. तिची बस चुकली: 'शी मिस्ड हर बस'. माझं बोट कापलं: 'आय कट माय फिंगर'. जीभ भाजली: 'आय बर्न्ट माय टंग'. माझा आवाज बसलाय: 'आय हॅव लॉस्ट माय व्हॉइस'. तिचे वडील गेले: 'शी लॉस्ट हर फादर'. मराठीत प्रत्येक ठिकाणी वस्तू किंवा दुसरं माणूस कर्ता आहे आणि ज्याच्यावर ते गुदरलं तो षष्ठीत आहे. इंग्रजीत ज्याच्यावर गुदरलं तोच कर्ता.

मराठीकडे यासाठी एक सोय आहे, इंग्रजीकडे ती फार तोकडी आहे. चुकणे-चुकवणे, बुडणे-बुडवणे, फुटणे-फोडणे, पडणे-पाडणे अशा आपल्याकडे जोड्या आहेत. 'तिची बस चुकली' यात दोष कुणाचा नाही. 'तिने बस चुकवली' म्हटलं की त्यात हेतू किंवा निदान हलगर्जीपणा आला. इंग्रजी 'मिस्ड' हा भेद करत नाही.

मग इंग्रजी वाचणाऱ्याला कळतं कसं की घडलं की घडवलं? बऱ्याचदा ते मधल्या षष्ठीवरूनच कळतं. 'ही ब्रोक हिज आर्म' यात हात त्याचा स्वतःचा असेल तर तो अपघातात सापडलेला माणूस आहे, बिचारा. 'ही ब्रोक माय आर्म' म्हटलं की तोच 'ही' मारकुटा होतो. क्रियापद तेच, कर्ता तोच, 'हिज'च्या जागी 'माय' आलं एवढंच. तेवढ्याने कर्त्याची भूमिका सोसणाऱ्याची न राहता करणाऱ्याची झाली. 'आय कट माय फिंगर' आणि 'आय कट हिज फिंगर' यांचंही तेच. एवढ्याशा शब्दावर इतका भार असताना शाळेत त्याची ओळख फक्त 'सर्वनामांचा तक्ता' म्हणून होते, याचं मला खरंच वाईट वाटतं.

कुलूप लागलेला मालक

काही जोड्यांत मालक बदलताच येत नाही. 'लूज' आणि 'टेंपर' एकत्र आले की टेंपर कर्त्याचाच. मी 'माय', ती 'हर', आम्ही 'अवर'. 'आय लॉस्ट हिज टेंपर' याला काही अर्थ नाही. श्वास रोखून धरणं, खाकरून घसा साफ करणं, विचार बदलणं, होईल तेवढं चांगलं करणं, सावकाश वेळ घेणं: 'होल्ड युअर ब्रेथ', 'क्लिअर युअर थ्रोट', 'चेंज युअर माइंड', 'डू युअर बेस्ट', 'टेक युअर टाइम'. सगळीकडे कुलूप. 'क्रेन' हे क्रियापद तर 'नेक'शिवाय फारसं भेटतच नाही. पाहण्यासाठी मान उंच करणं एवढंच त्याचं काम, आणि ती मान नेहमी स्वतःची.

याच्या उलट काही जोड्यांत मालक जवळजवळ नेहमी दुसरा असतो. 'पुल माय लेग' म्हणजे माझी थट्टा करणं, 'हर्ट हर फीलिंग्ज' म्हणजे तिचं मन दुखावणं, 'गेट ऑन हिज नर्व्ज' म्हणजे त्याला वैताग आणणं.

मराठीत असं काही नाही असं समजू नका. आपल्याकडे षष्ठी बोलून दाखवत नसलो तरी कुलूप असतंच. मन मारायचं ते स्वतःचं, मोडायचं ते दुसऱ्याचं. राखायचं तेही दुसऱ्याचंच. 'त्याने मन मारलं' ऐकून कुणाचं असं कुणी विचारत नाही. पण दोन्ही भाषांतली कुलपं एकमेकांशी जुळतातच असं नाही, आणि भाषांतर करणारे तिथे फसतात. 'ही केप्ट हिज वर्ड' म्हणजे त्याने शब्द पाळला. स्वतःचा. इथवर ठीक. आता 'ही ब्रोक हिज वर्ड'. 'त्याने त्याचा शब्द मोडला' असं सरळ उतरवलं तर मराठी वाचकाला कळतं की त्याने दुसऱ्या कुणाचं तरी म्हणणं डावललं, कारण मराठीत शब्द मोडतात तो वडीलधाऱ्यांचा, मित्राचा. इंग्रजीत 'ब्रेक' बरोबरचा 'वर्ड' स्वतःचा असतो. त्या वाक्याचं मराठी 'त्याने शब्द फिरवला'. दोन भाषांत शब्द तेच, क्रियापद तेच, आणि मालक विरुद्ध टोकाला.

हे पाठ करायचं कसं, असं विचारलं की मी शिकणाऱ्यांसाठीच्या इंग्रजी शब्दकोशाकडे बोट दाखवते. त्यात वाक्प्रचार छापताना एक खूण केलेली असते आणि बहुतेकांची नजर तिच्यावरून घसरते. 'लूज युअर टेंपर' किंवा 'लूज वन्स टेंपर' असं छापलं असेल तर मालक कर्ताच. 'ब्रेक समबडीज हार्ट' असं छापलं असेल तर मालक दुसरा कुणीही. 'युअर' किंवा 'वन्स' एकीकडे आणि 'समबडीज' दुसरीकडे, एवढ्या दोन खुणांत कुलपाची सगळी माहिती असते.

अनेकांबद्दल बोलताना इंग्रजी आणखी एक गोष्ट मागते. 'दे शुक देअर हेड्स', 'वी चेंज्ड अवर माइंड्स': माणसं अनेक, तर डोकी आणि मनंही अनेक. मराठीत 'सगळ्यांनी मान हलवली' आणि 'सगळ्यांनी माना हलवल्या' दोन्ही चालतं. आणि 'एव्हरीवन'सारखा एकवचनी शब्द कर्ता असेल तर त्याच्यामागे 'हिज' लावायचं की 'देअर' यावर पूर्वी बरेच वाद झाले. 'एव्हरीवन डिड देअर बेस्ट' असं लोक चौदाव्या शतकापासून बोलत-लिहीत आलेत. मी तरी तेच शिकवते.

पकडला हात की माणूस?

'ही टुक हर हँड' आणि 'ही टुक हर बाय द हँड'. दुसऱ्यात षष्ठी नाहीशी झाली आणि 'द' आलं. आताच म्हटलं होतं की 'द'ने अवयव सुटा वाटतो. इथे तसं वाटत नाही, कारण माणूस स्वतःच कर्म म्हणून वाक्यात येऊन बसलाय. पकडली ती, हात ही फक्त पकडायची जागा. हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. 'तिचा हात धरला' आणि 'तिला हाताला धरून नेलं' यांतला फरक आपल्याला उपजत कळतो. 'पॅटेड हिम ऑन द बॅक', 'लुक्ड मी इन द आय', 'पुल्ड हिम बाय द स्लीव्ह' ही सगळी त्याच घडणीची. बाही हा अवयव नाही, पण अंगावर आहे, म्हणून चालते.

पण सगळ्या क्रियापदांना ही मुभा नाही. भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फिलमोर यांनी १९७० मध्ये 'हिट' आणि 'ब्रेक' या दोन क्रियापदांची तुलना करून हे फार सुरेख दाखवलं. 'हिट हिज लेग' चालतं, 'हिट हिम ऑन द लेग' पण चालतं. 'ब्रोक हिज लेग' चालतं, 'ब्रोक हिम ऑन द लेग' चालत नाही. मारणं, थोपटणं, चावणं, धरणं यांत स्पर्श होतो, आणि स्पर्श माणसाला होऊ शकतो. मोडण्यात वस्तूची अवस्था बदलते. मोडला तो पाय, माणूस नव्हे. मराठीत ताडून बघा: 'त्याला पाठीत मारलं' ठीक, 'त्याला पायात मोडलं' असं कुणी म्हणणार नाही. इंग्रजीचा कठीण वाटणारा नियम आपल्या तोंडात आधीपासूनच होता.

एक रचना मात्र इंग्रजीची स्वतःची आहे आणि मला ती फार आवडते. 'ही एल्बोड हिज वे थ्रू द क्राउड': कोपरांनी ढोसत त्याने गर्दीतून वाट काढली. 'एल्बो' एरवी माणसाला ढोसण्यासाठी वापरतात. इथे त्याच्यापुढे 'हिज वे' आलं आणि त्यातून पुढे सरकणं निर्माण झालं. 'शी टॉक्ड हर वे आउट ऑफ इट', म्हणजे बोलून बोलून ती त्यातून सुटली. 'दे फेल्ट देअर वे इन द डार्क', म्हणजे चाचपडत ते अंधारातून गेले. वाट नेहमी कर्त्याचीच, तो 'हर वे' एल्बो करू शकत नाही. आणि सहसा ती वाट सरळ नसते, मध्ये अडथळा असतो. भाषाशास्त्रज्ञ एडेल गोल्डबर्ग यांनी १९९५ मध्ये हीच रचना पुढे करून दाखवलं की अर्थ फक्त शब्दांत नसतो, शब्द ज्या साच्यात बसतात त्या साच्यालाही स्वतःचा अर्थ असतो. मराठीत आपण हे काम 'ढोसत', 'चाचपडत', 'बोलून बोलून' अशा रूपांवर सोपवतो आणि मुख्य क्रियापद वेगळं ठेवतो.

क्रियापदाला 'आयएनजी' लावून नाम केलं की त्याच्यामागेही षष्ठी येते: 'आय डोन्ट माइंड युअर कमिंग'. बोलताना लोक 'यू कमिंग' म्हणतात. कोशकार हेन्री फाउलर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या दुसऱ्या रूपावर कडक टीका केली होती. बोलणाऱ्यांनी ती फारशी मनावर घेतली नाही. औपचारिक पत्रात 'युअर' लिहा, बोलताना 'यू' म्हणा. फक्त 'सी', 'हिअर' यांच्यापुढे षष्ठी लावू नका. 'आय सॉ हिम कमिंग', 'हिज' नव्हे.

आता हे सगळं खरोखरच्या वापरात कसं तपासायचं? 'शब्द ओळखावा तो त्याच्या संगतीवरून' अशा अर्थाचं भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांचं १९५७ मधलं वाक्य या क्षेत्रात सगळ्यांना पाठ असतं. ते प्रत्यक्षात आणलं बर्मिंगहॅममध्ये जॉन सिंक्लेअर यांनी. १९८० मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या प्रकल्पात खऱ्या मजकुराचा प्रचंड साठा संगणकावर गोळा केला गेला आणि त्यावरून १९८७ मध्ये शब्दकोश निघाला. त्यातली उदाहरणं संपादकाच्या कल्पनेतून आली नव्हती, त्या साठ्यातून उचललेली होती. पुढे ब्रिटिश नॅशनल कॉर्पस आला. १० कोटी शब्द, त्यातले सुमारे ९० टक्के लिखित आणि १० टक्के बोललेले. अशा साठ्यात 'लूज'ची सगळी रूपं, पुढे कोणतीही षष्ठी, पुढे कोणतंही नाम, असा शोध लावता येतो. शेजारचे शब्द खाली-वर एका ओळीत लागले की कुलूप डोळ्यांना दिसतं.

घरबसल्या सर्वांत सोपं साधन म्हणजे गुगल बुक्सचं एनग्राम व्ह्यूअर, २०१० पासून सगळ्यांसाठी खुलं. त्यात 'लूज हिज' लिहून पुढे एक तारा टाकला की त्या जागी सर्वाधिक येणारे १० शब्द तो आलेखासह दाखवतो. 'हिज'च्या जागी 'हर' घालून पुन्हा बघा. मग षष्ठी काढून नुसतं 'लूज' आणि तारा. 'शेक', 'होल्ड', 'टेक' यांचंही असंच करून बघा. एक ध्यानात ठेवा, हा पुस्तकांचा साठा आहे. तिथे कादंबऱ्यांतली माणसं सतत माना हलवतात, भुवया उंचावतात. बोलताना आपण तसं सांगत बसत नाही.

शेवटच्या शोधाकडे जरा थांबून बघाच, कारण तिथे षष्ठी नसलेल्या जोड्या सापडतील. 'शेक हँड्स', 'होल्ड हँड्स' यांत हात दोघांचे असतात, म्हणून एकाची मालकी सांगायची सोयच नाही. 'टेक प्लेस' म्हणजे घडणं, 'टेक हिज प्लेस' म्हणजे त्याची जागा घेणं. आणि 'लूज हार्ट' म्हणजे धीर सुटणं. त्यात 'युअर' घालून पुढे 'टू' जोडलं, 'लूज युअर हार्ट टू समवन' केलं, की तेच काळीज कुणाच्या तरी प्रेमात पडलेलं असतं.